मंडळी गाते का? : मराठी चर्चमधल्या क्वायरविषयी

मंडळी, नमस्कार.

'मंडळी' हा शब्द आज मुद्दाम पहिला घेतला. मराठी ख्रिस्ती माणसाला तो दोन अर्थांनी ऐकू येतो. चारचौघांत 'काय मंडळी' म्हणतो तो एक अर्थ. आणि 'आमची मंडळी' म्हणजे आमचं चर्च, तिथे दर रविवारी जमणारी माणसं, हा दुसरा. (तिसरा अर्थ घरचा आहे, तो इथे नको.) आजच्या व्याख्यानात आम्हांला दुसऱ्या अर्थाशी काम आहे. क्वायर म्हणजे गायनमंडळ हे त्या मोठ्या मंडळीतलं एक छोटं मंडळ. दहा, पंधरा, फार तर तीस माणसं. शनिवारी संध्याकाळी जमतात, तालीम करतात, रविवारी पुढे उभं राहून गातात. नाताळात घरोघरी कॅरोल म्हणत फिरतात, लग्नात गातात, मातीला गातात. या गाण्याची समीक्षा करायची तर ती कशी करायची, हा आजचा प्रश्न.

आपल्याकडे क्वायरबद्दल बोलतात ते दोनच तऱ्हांनी. एक, 'फार छान गायले, देव आशीर्वाद देवो'. इथे समीक्षा संपते. दुसरी तऱ्हा स्पर्धेतल्या परीक्षकाची: सूर बरोबर होता का, आल्टो खाली आला का, टेनर वेळेवर उचलला का. ही दुसरी तऱ्हा उपयोगाची आहे, तिला आमची ना नाही. पण दोन्ही तऱ्हांमध्ये एक गोष्ट सुटते. बाकांवर बसलेल्या माणसांचं काय झालं? ती गायली का? की ऐकत बसली? आमचं आजचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर क्वायर कसा आहे हे क्वायरमध्ये नसलेल्यांच्या गाण्यावरून ठरवावं.

हे पटवायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मराठीतलं ख्रिस्ती सामूहिक गाणं दोन वाटांनी आलं. पहिली वाट गोव्याची. इंग्लंडमधून निघालेला थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट १५७९ साली गोव्यात पोहोचला, मराठी आणि कोकणी शिकला, आणि त्यानं 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं, रोमन लिपीत. देवनागरीत यायला १९५६ साल उजाडावं लागलं. आता बघा, या माणसानं छंद कुठला निवडला? ओवी. ओवी ही दळताना म्हणतात, पुराण सांगताना म्हणतात. एक म्हणतो आणि बाकीचे धरतात. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या कानांत आधीपासून असलेल्या चालीवर गोष्ट सांगायची, म्हणजे ती त्यांच्या तोंडी बसेल, हा त्यातला हिशेब. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. पण ज्या ग्रंथाची चाल लोकांच्या गळ्यात आहे, तो फर्मानानं सहजी पुसला जात नाही.

दुसरी वाट मुंबई आणि अहमदनगरची. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, १८३१ पासून नगरला त्यांचं काम सुरू झालं. त्यांच्याबरोबर त्यांची गीतं आली आणि गीतांबरोबर त्यांच्या चालीही आल्या. गीतांचं मराठी भाषांतर झालं, चाली मात्र तशाच राहिल्या. इथे एक अडचण उभी राहिली आणि ती आजही संपलेली नाही. ती नीट समजून घेऊ, कारण क्वायरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे.

इंग्रजी स्तोत्रांच्या बऱ्याचशा चाली हलक्या ठोक्यावर सुरू होतात आणि दुसऱ्या अक्षरावर वजन टाकतात. इंग्रजीत ओळीच्या आरंभी छोटे छोटे शब्द येतात, त्यांना हे सोयीचं. मराठीत तसे शब्द फारसे नाहीत. आमचे प्रत्यय शब्दाच्या शेवटी येतात आणि वजन बहुधा शब्दाच्या आरंभाला राहतं. आता 'येशूला' हा शब्द अशा चालीवर बसवा. 'ये' हलक्या ठोक्यावर जातो, 'शू'वर वजन येतं, आणि 'ला' ओळीच्या शेवटी आला की चांगला चार मात्रा लांबतो. म्हणजे अर्थ ज्यात आहे ते अक्षर दबतं आणि विभक्तीचा प्रत्यय छाती काढून उभा राहतो. या चालींना सोयीचे मराठी शब्द कोणते? पहिलं अक्षर ऱ्हस्व आणि दुसरं दीर्घ असलेले: कृपा, दया, क्षमा, प्रभू. सुदैवानं हे सगळे शब्द धर्माच्याच उपयोगाचे. पण प्रत्येक ओळ दयेनं किंवा कृपेनं तर सुरू करता येत नाही ना! मग ओढाताण होते, ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, आणि गाणारा माणूस आपलीच भाषा परक्यासारखी बोलू लागतो.

नारायण वामन टिळकांचं महत्त्व इथे कळतं. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, बाप्तिस्मा १८९५ सालचा, मृत्यू १९१९ सालचा. त्यांच्याविषयी आपण 'स्मृतिचित्रे'मुळे पुष्कळ जाणतो, पण घरातल्या टिळकांच्या गोष्टीत गाण्यातले टिळक मागे पडतात. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून ते ख्रिस्ती मंडळीसाठी लिहायला बसले तेव्हा अभंगाकडे वळले. 'अभंगांजली' हे नावच बोलकं आहे. 'उपासना संगीत' या आपल्या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांचा मोठा वाटा आहे.

अभंगानं काय साधलं ते तांत्रिकदृष्ट्या बघा. मोठ्या अभंगात चार चरण: सहा, सहा, सहा आणि मग चार अक्षरं. शेवटचा चरण आखूड आहे. तिथे गाणाऱ्याला श्वास मिळतो आणि मागच्यांना कळतं की आता आपण धरायचं. वारकऱ्यांच्या भजनात टाळकरी तिथूनच उचलतात, पोवाड्यात झीलकरी अशाच जागेची वाट बघत असतात. म्हणजे छंदाच्या बांधणीतच पुढच्या आणि मागच्या गाणाऱ्यांची देवाणघेवाण ठरलेली आहे. शिवाय अभंगात ऱ्हस्वदीर्घाचा जाच नाही, अक्षर लांबवता येतं. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या हातात पुस्तक नाही, तोही दुसऱ्या कडव्यापासून सामील होतो.

आणि हे कुणासाठी होतं? नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत जी मंडळी ख्रिस्ती झाली, त्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातली होती. देवळाच्या पायरीपर्यंतही ज्यांना येऊ दिलं जात नव्हतं, ती माणसं एका छपराखाली, एका सुरात, तोंड उघडून गात होती. टिळक जन्मानं चित्पावन ब्राह्मण. त्यांचे शब्द या माणसांच्या गळ्यातून निघत होते, तेही ऐकणारा म्हणून नव्हे, म्हणणारा म्हणून. ज्यांना मोठ्यानं बोलायची चोरी होती, त्यांनी मोठ्यानं गाणं ही काही किरकोळ गोष्ट नाही. बाकांवरचं गाणं गप्प झालं तर नेमकं काय जातं, असा प्रश्न आला की आम्हांला आधी हे आठवतं. चांगलं संगीत दुसरीकडेही मिळेल. हा हक्क इथेच मिळाला होता.

आता क्वायरकडे येऊ.

क्वायरमध्ये चार आवाज: सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. चाल बहुधा सोप्रानोकडे असते. बाकीचे तिघे आधार देतात, रंग भरतात. यातलं सर्वांत अवघड काम आल्टोचं, असं आमचं मत आहे. शेजारची बाई ओळखीची चाल गात असते आणि आपल्याला तिच्या खालचा, एकट्यानं गायला तर बेचव वाटेल असा स्वर धरून ठेवायचा असतो. तो सोडला तर सगळा डोलारा पातळ होतो. श्रोत्यांपैकी कुणी 'वा, काय आल्टो होता' म्हणून भेटायला येत नाही. ज्यानं दोन वर्षं आल्टो किंवा बेस गायला आहे, त्याला सहभागितेवर प्रवचन द्यायची गरज उरत नाही. दुसऱ्याचं ऐकत आपलं म्हणणं, आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजापेक्षा वर न काढणं, श्वास आळीपाळीनं घेणं म्हणजे ओळ तुटत नाही, हे सगळं तिथे अंगात मुरतं.

तालमीच्या बाहेरही तेच. क्वायरची माणसं एकमेकांच्या घरची होतात. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलीचं ठरलं, ही बातमी पाळकांच्या आधी क्वायरला कळते. पुण्यामुंबईला नव्यानं आलेल्या तरुणाला चर्चमध्ये पहिली ओळख बहुधा क्वायरमध्ये मिळते. आणि खरी परीक्षा मातीच्या वेळी असते. ऐन दुपारी, कामाच्या दिवशी, सहा जण का होईना येतात आणि कबरीपाशी उभे राहून गातात. तिथे माईक नसतो, कीबोर्ड नसतो. आवाज फाटतात. आणि तिथे सगळे गातात. रविवारी तोंड न उघडणारा माणूससुद्धा गातो. रविवारी जे होत नाही ते कबरीपाशी का होतं? कारण तिथे कुणी कुणाला ऐकवत नसतं.

म्हणून आमची टीका क्वायरवर नाही, क्वायरला जे वळण लागलंय त्यावर आहे. तीन मुद्दे सांगतो.

पहिला, पट्टीचा. गाणं कुठल्या पट्टीत उचलायचं हे आता बहुतेक ठिकाणी क्वायरच्या सोयीनं ठरतं. तरुण मुलींचे आवाज काळी चार, काळी पाचला खुलतात, कीबोर्डवर बोट ठेवलं की झालं. पण मंडळीत पुरुष आणि बायका एकच चाल एका सप्तकाच्या अंतरानं गातात. पट्टी अशी लागते की वरच्या स्वरावर साठीच्या काकांचा आवाज चिरकू नये आणि खालच्या स्वरावर आजींचा बुडू नये. दोन स्वर खाली उतरलं तर क्वायरची चमक थोडी कमी होईल, पण अर्धी बाकं परत गाऊ लागतील. कार्यक्रमाची पट्टी आणि उपासनेची पट्टी वेगळी असते, हे क्वायरमास्तरला कळलंच पाहिजे.

दुसरा, माईकचा. लहानशा देवळात क्वायरपुढे चार माईक, मागे दोन मोठे स्पीकर. परिणाम काय? शेजारच्या बाकावरचा माणूस गातो आहे की नाही, हे ऐकू येईनासं होतं. स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. सामूहिक गाणं चालतं ते शेजाऱ्याच्या आवाजाला टेकून. तो टेकू काढला की माणूस एकटा पडतो, एकटा पडला की ओशाळतो, आणि गप्प होतो. आपण म्हणतो, 'आजकाल लोक गातच नाहीत.' अहो, गातील कसे?

तिसरा, निवडीचा. पाच कडव्यांचं गीत दोन कडव्यांत उरकायचं आणि वेळ वाचवून एक 'विशेष गीत' ऐकवायचं, ही पद्धत पडली आहे. टिळकांच्या गीतात विचार पायरीपायरीनं चढतो, शेवटच्या कडव्यात तो पोहोचतो. दुसऱ्या कडव्यानंतर थांबणं म्हणजे जिन्याच्या मध्यावर दिवा घालवणं. शिवाय 'उपासना संगीत'ची जी प्रत बहुतेकांच्या हातात असते, ती शब्दांची. चाल पुढे जाते ती कानांनी. एका पिढीनं ती गायली नाही तर शब्द छापील राहतील आणि चाल म्हाताऱ्या माणसांबरोबर जाईल. याच मुद्द्याला जोडून वाद्यांचंही बोलू. पेटी, तबला, टाळ रुळले. पण मराठी मंडळीतल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जी हलगी वाजत होती, ती उपासनेत कितीशी ऐकू येते? मिझोराममध्ये वेल्श मिशनऱ्यांनी टॉनिक सोल्फा शिकवली, आणि तिथली मंडळी अख्खीच्या अख्खी चार आवाजांत गाते. पण त्याच लोकांनी आपला खुआंग नावाचा ढोलही चर्चमध्ये आणला आणि आपल्या ढंगाची गीतं रचली. दोन्ही गोष्टी एका छपराखाली नांदतात. आपण मात्र हार्मनीला 'सुधारलेली' आणि भजनाला 'गावाकडची' समजू लागलो. ही प्रतवारी संगीतातून आलेली नाही, लाजेतून आलेली आहे.

आता यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कुणी म्हणेल, मग क्वायरच बंद करा, सगळ्यांनी मिळून गा. हे ऐकायला लोकशाहीचं वाटतं, प्रत्यक्षात चालत नाही. पुढे धरणारं कुणी नसेल तर मंडळी ठरावीक दहा-बारा गीतांवर येऊन थांबते, लय जड होत जाते, नवं काही शिकणं होत नाही. भजनालाही ध्रुपद धरणारे लागतातच. १५२४ साली विटेनबर्गला योहान वाल्टरनं अनेक आवाजांसाठी बांधलेली गीतं छापली, त्याला मार्टिन लूथरची प्रस्तावना आहे. सगळ्या मंडळीनं गावं असा ज्याचा आग्रह, त्यानंच तरुणांच्या हाती क्वायरचं पुस्तक दिलं. यात विरोध नाही. क्वायर शिकतो आणि शिकवतो. कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीवरचा दस्तऐवज मंजूर केला, त्यातही हेच दोन्ही एकत्र सांगितलं आहे: गायकवृंद जोपासा, आणि सर्व भाविकांना आपला वाटा उचलता येईल असं बघा. पहिलं करताना दुसरं विसरायचं नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप: मग कलेचं काय? उत्तम गाण्याची हौस धरू नये का? जरूर धरावी. १९५६ साली मुंबईत व्हिक्टर परंज्योतींनी उभा केलेला परंज्योती अकॅडमी कोरस काय, शिलाँग चेंबर क्वायर काय, मंचावरच्या समूहगानाचे हे मोठे नमुने आहेत. आमच्या मुलांनी ते ऐकावेत, तसं गाण्याचा प्रयत्न करावा. नाताळच्या कार्यक्रमात हँडेलचा कोरस म्हणावा. पण मंच म्हणजे मंच आणि उपासना म्हणजे उपासना. मंचावर लोक ऐकायला आलेले असतात. देवळात ते ऐकायला आलेले नसतात, निदान फक्त ऐकायला तरी नाही.

तिसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. क्वायरमध्ये घ्यायचं कुणाला? एखादी मावशी असते, तीस वर्षं गाते आहे, आता सूर हलतो. एखादा मुलगा असतो, हौस दांडगी आणि कान कच्चा. त्यांना काढलं तर गाणं सुधारतं, ठेवलं तर बिघडतं. इथे आम्ही सरसकट नियम सांगणार नाही. पण इतकं सांगू, की कच्च्या कानाचा मुलगा दोन चांगल्या बेसच्या मधोमध उभा केला तर वर्षभरात बराचसा सुरात येतो. स्वर बहुधा शेजाऱ्याकडूनच शिकला जातो. आणि मावशीला जुन्या चाली येतात, ज्या क्वायरमास्तरलाही येत नाहीत. तिला रांगेतून काढण्याआधी तिच्याकडून त्या शिकून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. तिचा सूर हलत असेल, चाल हलत नाही.

मग करायचं काय? फार मोठ्या गोष्टी नकोत. दर रविवारी एक गीत वाद्याशिवाय आणि माईकशिवाय म्हणा. महिन्यातून एक गीत अख्ख्या मंडळीला शिकवा. उपासनेआधी दहा मिनिटं पुरतात. एक तरी गीत सगळ्या कडव्यांसकट होऊ द्या. पट्टी ठरवताना शेवटच्या बाकावरच्या माणसाला विचारा. आणि महिन्यातून एकदा क्वायरनं पुढे उभं न राहता बाकांमध्ये विखरून बसावं. इथे एक बेस, तिथे एक आल्टो. बघा काय होतं ते. ज्याच्या शेजारी गाणारा माणूस बसतो, तो फार वेळ गप्प राहू शकत नाही.

समीक्षक म्हणून आमच्या हाती शेवटी एकच कसोटी उरते आणि ती साधी आहे. गाणं चालू असताना क्वायरनं एका कडव्यापुरतं थांबावं. गाणं चालू राहिलं, तर तो क्वायर चांगला. थांबलं, तर त्यानं कितीही बक्षिसं मिळवलेली असोत, शनिवारच्या तालमीत अजून पुष्कळ काम बाकी आहे.

इथे थांबतो. कुणाला जुन्या चाली येत असतील तर आता प्रश्नोत्तरांच्या वेळेत प्रश्नाऐवजी चाल म्हणून दाखवलीत तरी चालेल.